किसनाची बायको

३ फेब्रु., सोम.
नेवाशापलीकडच्या जुन्या उत्खननाची खोकी अखेर उघडली. सत्तरेक वर्षांपूर्वी मोहीम आली होती, तिच्या वह्या नि फोटो. मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बायका शोधायच्यात, संग्रहालयाच्या प्रदर्शनात नावांसकट लावायला. साहेबांच्या कुत्र्याचं नाव तीनदा आलंय. बायकांची नावं? किसनाची बायको, भिवाची बायको. छान.

६ फेब्रु., गुरु.
एक फोटो बरा मिळाला. खड्डा किती खोल ते कळावं म्हणून एका बाईला त्यात उभं केलंय. पदर नाकापर्यंत. उजवा हात उघडा, कोपरापर्यंत गोंदण. मागे पेन्सिलीने: किसनाची बायको.
किसनाची मुलगी सखूबाई नेवाशात असते. फोन लावला.
"आईला म्या पाह्यलंच न्हाई, ताई. तान्ही हुते तवाच गेली. फोटू हाय? खरंच हाय?"
बुधवारी घेऊन येते म्हटलं.

८ फेब्रु., शनि.
मुकादमाची वही: 'किसनाची बायको वारली. किसन गैरहजर.' फोटोची तारीख त्यानंतर अडीच महिन्यांची. गेलेली बाई खड्ड्यात उभी कशी?
घरी जाताना बसमध्ये केडगाव येईपर्यंत डोकं खाजवत होते. मग पेटली ट्यूब. किसनाने दुसरी केली. वहीला त्याचं काही सोयरसुतक नाही, बायको म्हणजे बायको.
आता बुधवारी काय तोंडाने जायचं? उतावळेपणा नडला.

१२ फेब्रु., बुध.
नेवासा. सखूबाईंनी चष्मा पुसला, नातसुनेला लाईट लावायला सांगितली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी फोटोतल्या हातावर बोट ठेवलं.
"ही धाकली हाय. माजी सावत्र आई. ह्याच हातानं भरवलं मला." चष्मा सारखा करत, "मारलंबी लई."
थोरलीचा कुठं नाही का, म्हणाल्या. नाही म्हटलं. फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला.
निघताना: "खाली नाव लिवनार न्हवं? माज्या आईचं लिवा. ठकूबाई. तिचं नाव कुटंच न्हाई."
"पण फोटो धाकलीचा आहे, आजी."
"व्हय. तिचा फोटू तरी हाय."

१४ फेब्रु., शुक्र.
धाकलीचं नाव विचारायचं राहिलंच होतं. फोन केला.
"सगळे धाकलीच म्हनायचे, ताई."
"आणि तुम्ही?"
"मी आई म्हनायचे."
फोटोंखालच्या नावपाट्या सोमवारी छापायला जायच्यात. 'ठकूबाई' लिहिलं. खोडलं. परत लिहिलं.