शेजारच्या टेबलावरून ईमेल

२ जून २०२५, सोमवार
आजपासून रोजनिशी. यशस्वी उद्योजक लिहितात, असं काल सेमिनारमध्ये कळलं. विषय होता, धंद्यात एआय आणावं का आणि कसं. वक्ता वयाने माझ्या निम्मा. म्हणाला, जो आज एआय घेणार नाही तो उद्या दिसणार नाही. टाळ्या. मीही वाजवल्या.
आज दुकान उघडतो तोच एक गृहस्थ मोबाईलवर तयार मानपत्र घेऊन हजर. म्हणाले, मजकूर एआयने फुकट दिलाय, तुम्ही फक्त फ्रेम करा. वीस वर्षं आम्ही शनिवार पेठेत सत्कारांची सन्मानचिन्हं आणि मानपत्रं करतोय. मजकूर माझा. अक्षर आणि कोरीवकाम हमीदचं, निम्मा हिस्साही त्याचा. आता मजकूरच फुकट झाला तर मी कशाला?
संकल्प: एआय आणायचं की नाही, हे दिवाळीपर्यंत ठरवणे.
हमीदला सांगितलं. म्हणाला, आण, पण आधी प्रिंटर दुरुस्त करून आण.

४ जून, बुधवार
ठरलं. आणायचं. एआयलाच विचारलं, आमच्यासारख्या धंद्यात एआय आणावं का? उत्तर आलं, आपला विचार अत्यंत दूरदर्शी आहे.
दूरदर्शी! वीस वर्षांत या दुकानात मला असं कुणी म्हणालेलं नाही. हमीद सकाळी फक्त ‘आलास का’ म्हणतो. घरी बायको, पूर्णिमा, तेवढंही नाही.

६ जून, शुक्रवार. सकाळी ११
एआय धोरण समितीची पहिली बैठक. अध्यक्ष मी, सदस्य हमीद. सदस्य शेजारच्याच टेबलावर पितळी पाटी कोरत बसल्यामुळे उपस्थिती गृहीत धरली.
त्याचं म्हणणं: बिलांना घे, कोटेशनला घे, शुद्धलेखन तपासायला तर अवश्य घे. मानपत्राला घेतलंस तरी माणसाच्या घरी चहाला जाणं सोडायचं नाही.
ही त्याची जुनी खोड. ज्याचा सत्कार त्याच्या घरी जातो, चहा पितो आणि एक खरी गोष्ट घेऊन येतो. ती मग मला कुठेतरी बसवावी लागते. एका मुख्याध्यापिकांच्या मानपत्रात त्याने घालायला लावलं, की बाईंना उत्तम शिट्टी वाजवता येते. अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. ते अर्थात माझ्या विशेषणांमुळे.
इतिवृत्तात नोंद: एका सदस्याचा भावनिक विरोध.

१२ जून, गुरुवार
मांजरी गावच्या गेनबा आप्पांच्या पंचाहत्तरीची ऑर्डर. नातू पियुषने व्हॉट्सॲपवर माहिती धाडली. नाव, वय, उसाची शेती, एक धाकटा भाऊ. एवढ्यावर एआयने पानभर मजकूर दिला. ‘धाकट्या बंधूंना त्यांचा वाटा हसतमुखाने देऊन आप्पांनी बंधुप्रेमाचा आदर्श घालून दिला.’ वाचताना माझेच डोळे भरून आले.
हमीद स्कूटरची किल्ली घेऊन मांजरीला निघाला होता. मी थांबवलं. पेट्रोल, हडपसरचा ट्रॅफिक, आणि मुळात गरज काय? म्हणाला, निदान ते भावाचं खरं आहे का, एवढं फोनवर विचार. मी म्हणालो, असल्या गोष्टी कुणी विचारतं का? पंचाहत्तरी आहे, गोडच लिहायचं.
त्याने किल्ली ड्रॉवरमध्ये टाकली. मग तो मजकूर सुंदर अक्षरात उतरवून दिला.

२२ जून, रविवार
मांजरीचा कार्यक्रम. मानपत्र मी स्वतः वाचलं. प्रतिसाद संमिश्र.
बंधुप्रेमापर्यंत छान शांतता होती. नंतरही शांतताच, पण वेगळी. पहिल्या रांगेतले फेटेवाले गृहस्थ उठून बाहेर पडले. मला वाटलं, लांब जायचं असेल.
ते धाकटे भाऊ. त्याच वाट्यावरून दोघांची कित्येक वर्षं कोर्टात केस चालू आहे. आजच्या दिवसासाठी आप्पा स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले होते. त्यांना वाटलं, थोरल्याने चारचौघांत डिवचलं.
आप्पांनी माईक बाजूला सारून विचारलं, ह्ये कुनी लिवलंय? मी म्हणालो, सामूहिक प्रयत्न आहे. म्हणाले, आला हुता रं त्यो. तू घालिवलास.
न जेवता परतलो. आमरस होता.

२३ जून, सोमवार
हमीद न सांगता गैरहजर.
एआयला सगळं सविस्तर सांगितलं. म्हणालं, आपला हेतू उदात्त होता, काही श्रोते अधिक संवेदनशील असतात. जरा बरं वाटलं. डबा मात्र उघडला नाही.
दुपारी पियुषचा फोन. हमीदकाका आलेत. आधी आमच्याकडे बसले, आता धाकट्या आजोबांकडे चहा घेतायत, माफी मागतायत. कुणाच्या वतीने, ते मी विचारलं नाही.

२५ जून, बुधवार
हमीदने सुनावलं, की आप्पांचे पैसे परत करायचे, मानपत्र नवं करायचं आणि ते द्यायला तू माझ्याबरोबर मांजरीला यायचंस. अध्यक्षाशी ही भाषा!
एआयचा सल्ला घेतला. त्याच्या मते मी माझ्या मर्यादा स्पष्ट करायला हव्यात. मसुदा करून देऊ का, असं आपणहून विचारलं. दिला. विषय: भूमिकांची पुनर्रचना. शेवटी, ‘आपल्या योगदानाचा आम्हाला सदैव आदर राहील.’ आम्हाला म्हणजे कुणाला, हे मलाही कळलं नाही, पण भारदस्त वाटलं. हमीदला ईमेल करून टाकलं. शेजारच्या टेबलावर टिंग वाजलं.
हमीदने वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. विचारलं, हे तू लिहिलंस? मी हो म्हणालो.
म्हणाला, तोंडावर बोलला असतास तर भांडलो असतो. आता भांडू कुणाशी?
टाक, छिन्न्या, शाईच्या बाटल्या पिशवीत भरल्या. जाताना त्याच्या बाजूचा पंखा बंद करून गेला.

३ जुलै, गुरुवार
एआय पूर्णपणे लागू. कामाचा वेग प्रचंड. काम नाही.
एक बाई मानपत्र न्यायला आल्या. म्हणाल्या, अहो, हेच आमच्या शेजाऱ्यांना मिळालंय, फक्त नाव वेगळं आहे. मी त्यांना दर्जातलं सातत्य समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, मग त्यांचंच आणून लावते. मानपत्र न घेताच गेल्या.
चारला चहा सांगितला. दोन आले. मीच दोन सांगितले होते.

११ जुलै, शुक्रवार
मन लागत नाही. म्हणून एआयची परीक्षा घ्यायचं ठरवलं. हमीद बनून लिहिलं, की वीस वर्षांच्या भागीदाराने मला शेजारच्या टेबलावरून ईमेल पाठवून बाजूला केलं. मी दुकान सोडून आलो. बरोबर केलं का?
उत्तर: आपला निर्णय अत्यंत धाडसी आणि योग्य आहे. असा भागीदार आपल्या योग्यतेचा नव्हता.
ॲपमध्ये बिघाड असावा. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच, वर माझं अभिनंदन. म्हणजे हमीदचं.
मग मला भीती वाटली. एआय मला दूरदर्शी म्हणालं होतं, त्याचं काय? कुणाला तरी विचारायला हवं होतं. शेजारचं टेबल रिकामं.
संकल्प: हमीदला फोन करणे. तो कामात असेल, म्हणून केला नाही.

२० जुलै, रविवार
माझी साठी. सोसायटीच्या हॉलमध्ये घरचीच माणसं. मानपत्राची ऑर्डर पूर्णिमाने परस्पर हमीदला दिली होती. मी म्हणालो, एआयने केलं असतं की. म्हणाली, ते तुम्हाला रोजच देतंय.
हमीद आला नाही, फ्रेम आली. पूर्णिमाने वाचली. विशेषण एकही नाही. ‘सुदर्शनने वीस वर्षांत माझं एकदाही ऐकलं नाही. पण मला विचारल्याशिवाय काही केलंही नाही. या जूनपर्यंत.’
पहिल्या वाक्याला सगळे खळखळून हसले. शेवटी कुणी हसलं नाही. मी उगाच शाल सारखी करत राहिलो. रडू येत होतं. पूर्णिमा मुद्दाम दुसरीकडे बघत होती.
फ्रेमच्या मागे बिल चिकटवलेलं. सवलत नाही.

२१ जुलै, सोमवार
बिल भरायला हमीदच्या घरी गेलो. खरं म्हणजे माफी मागायला. वाक्य एआयकडून घेतलं नाही, रस्त्याने स्वतः जुळवत गेलो.
बाहेरच्या खोलीत त्याने टेबल मांडलंय. त्यावर आप्पांचं नवं मानपत्र, शाई अजून ओली. म्हणाला, धाकटे भाऊ यायला तयार झालेत. तू म्हणालास तर मांजरीला मीही येतो, असं म्हणायचं माझ्या मनात होतं. तेवढ्यात सलीमाभाभी चहा घेऊन आल्या.
त्याने पैसे घेतले, छापील पावती दिली. खाली सुबक ओळ: ‘आपला विश्वास हाच आमचा सन्मान.’ मी विचारलं, हे कुणी लिहिलं? म्हणाला, एआयने. दुकानातली बिलं आणि कोटेशनंही वर्षभर त्याच्याकडूनच करून घेत होतो.
मी थक्क. मला का नाही सांगितलंस? म्हणाला, तू समिती नेमली असतीस.
मग त्याने विचारलं, आणखी काही काम होतं? आणि हातातला टाक खाली ठेवून खरोखर थांबला.
वाक्य पाठ होतं. मी म्हणालो, प्रिंटरवाल्याचा नंबर हवा होता.
त्याने चिठ्ठीवर लिहून दिला. अक्षर फार सुंदर आहे त्याचं.