सामाईक ढीग

ब्राह्मणपुरी,
२ मार्च १९३७

प्रिय शांती,

तुझं पत्र पोचलं आणि सोबत छोटीच्या झबल्याच्या कापडाचा तुकडाही. रंजनाला सांग, कापड फार मऊ आहे. मी तो आळीतल्या सगळ्या बायकांना दाखवून आले. इकडे सारे बरे आहेत. कपिलेला कालवड झाली. तुझ्या दाजींचा गुडघा दुखतो, पण शेतात जायचं काही सोडत नाहीत. यंदा तापीचं पाणी लवकर ओसरलं, प्रकाशा गावाजवळ गाड्या आत्तापासूनच पात्रातून जातात. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे.

मला लिहायला वेळ लागतो हे तुला ठाऊकच आहे. अक्षर तूच शिकवलंस, माहेरच्या ओट्यावर राख पसरून. मी सहा वर्षांनी मोठी आणि तू माझा मास्तर! चुकलं की डोक्यावर टपली मारायचास आणि लगेच आईकडे बघायचास. हे पत्र मी आज तिसऱ्या दिवशी लिहिते आहे. मधे दोनदा फाडलं.

तू धुळ्याहून शेतकीचं शिकून आमच्याकडे राहायला आलास ते दिवस हल्ली फार आठवतात. तेव्हा गावात सगळ्यांचा आखूड धाग्याचा गावठी कापूस. तू घरोघर जाऊन सांगायचास की एकट्यादुकट्याने लांब धाग्याचा चांगला कापूस पिकवला तरी दलाल त्याला गावठीचाच भाव देतो, कारण वखारीत तो सगळ्यांच्या मालात मिसळणारच असतो. गिरणीला एकसारखा माल हवा, आणि तोही आगगाडीचे डबे भरतील एवढा. म्हणून सर्वांनी एकच बी पेरायचं, माल एका कोठीत आणायचा आणि नंदुरबारला एकदम विकायचा. लोक घाबरत होते ते उगाच नव्हे. गावठी कापूस कसल्याही वर्षी थोडंफार हाती देतो. लांब धाग्याचा शेतात जास्त दिवस उभा राहतो, पाऊस लवकर गेला की बोंडं वाळतात. तुझे दाजी मृग लागेपर्यंत हो म्हणाले नव्हते. पण पहिल्याच वर्षी भाव असा मिळाला की गावाने तुला गाडीत बसवून वाजतगाजत आणलं. तू लाजून उपरणं तोंडावर घेतलं होतंस.

दुसऱ्या वर्षीचं तुला काय सांगू? सरकी काढायच्या जिनातल्या खरेदीदाराने आपल्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला, चिमूटभर कापूस काढून बोटांनी ओढला, आणि धागा आखूड निघाला. दुसऱ्या जागी हात घातला, तिथेही तेच. सगळा माल त्याने गावठी ठरवला. तोही अशा वर्षी, की देशोदेशींची मागणी बसून गावठीला कुणी विचारत नव्हतं. तीस घरांची मेहनत मातीमोल झाली. चावडीवर लोक म्हणाले, शांतीलाल दलालाला फितूर झाला, त्यानेच मिसळलं. तू उभा राहून एवढंच बोललास, "कोठीनी किल्ली मन्हाजोडे व्हती. दोष मन्हा."

शांती, तो आखूड कापूस मी टाकला होता.

कालीबाई तुला आठवत असेल, सातपुड्यातल्या काठी गावाकडून दोन लेकींना घेऊन दर साल वेचणीला उतरायची. त्या साली ती शेजारच्या गावात गावठी कापूस वेचत होती. मजुरी म्हणून वेचलेल्यातलाच वाटा मिळाला, सहा गाठोडी. एरवी फेरीवाला तो घेऊन मीठ, धान्य, लुगडं द्यायचा. त्या वर्षी भाव दर आठवड्याला खाली जात होता, फेरीवाला फिरकलाच नाही. होळी तोंडावर आलेली. ती आमच्या ओट्यावर बसून तिच्या बोलीत म्हणाली की रिकाम्या हाताने डोंगर कसा चढू, पोरींना काय घालू. मला राहवलं नाही. मी तिला घरातली ज्वारी आणि माझी दोन लुगडी दिली. कापूस मला नको होता, पण तिने गाठोडी ठेवूनच पाय उचलला. ज्वारी कुठे गेली म्हणून दाजींनी विचारलं असतं, आणि गाठोडी लपवायला घरात जागा नव्हती. तू जेवायला बसला होतास, तुझा सदरा खुंटीला होता, किल्ली खिशात. एवढ्या मोठ्या ढिगात जागोजाग पसरून टाकला तर काय कळणार, असं मला वाटलं.

चावडीवर तू बोललास तेव्हा मी भिंतीआड उभी होते. तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तुला भाकरी बांधून दिली. प्रकाशाला नावेत पाय ठेवताना तू मागे वळून विचारलंस, "कालीबाई होळीले पोचनी का वं?" मी म्हटलं, पोचली असेल. नाव निम्म्या पात्रात गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या साली ती घरी येऊन गेल्याचं मी तुला सांगितलंच नव्हतं. तुला सगळं कळलं होतं, आणि तू माझ्यासाठी गाव सोडून चालला होतास. तरी मी हाक मारली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी गावात पुन्हा सामाईक विक्रीची बोलणी निघाली. बैठक चावडीवर होती. तेव्हा तुला फितूर म्हणणारा हिलाल म्हणाला, "मांगे शांतीलालनी बुडाडं, आते कोनवर भरोसा ठेवाना?" सगळ्यांनी माना हलवल्या. मी बायकांतून उठले. पदर सावरला आणि म्हटलं, "तो कापूस मी टाकेल शे. शांतीना काही दोष नही." मग गाठोड्यांपासून सगळं सांगितलं. हिलाल पागोटं मांडीवर घेऊन बसून राहिला. दाजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी ताटावरून न उठताच म्हणाले, "त्याले लिही. टेशनवर मी सोता गाडी लई येसू." हिलालही त्यांच्याबरोबर येणार आहे, त्याला तुझी माफी मागायची आहे. गावाने अजून काही ठरवलेलं नाही. तुझ्याशी बोलून ठरवू म्हणतात. तू ये, रंजनाला आणि छोटीला घेऊन ये. आणि आलास की आधी माझ्यावर रागाव, चांगला आवाज चढवून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. सात वर्षं तू दर सणाला पत्र धाडतोस, खुशाली विचारतोस, आणि त्यात रागाचा एक शब्दही नसतो. तेच मला आता सोसवत नाही.

तुझीच,
मोठी बहीण धनु