काटा मारणारा मीटर

मंगळवार, ९ एप्रिल

पंप आला. पण इस्पितळवाले लावणार नाहीत. आधी मीटर ठरवा म्हणे!

खोकं आयलेनच्या टेबलावर तसंच पडलंय. पोरगी दिवसातून दहा वेळा झाकण उघडून बघते. नवव्या वर्षापासून स्वतःच्या पोटात सुई टोचतेय, आता सोळावं चालू आहे. पंप कमरेला बसला की तो थेंब थेंब इन्सुलिन सोडत राहील. पण जेवताना किती जादा सोडायचं, हे तो मीटरवरच्या साखरेच्या आकड्यावरून ठरवणार. म्हणजे सगळा भरवसा मीटरवर. मीटर खोटं बोलला तर पंप निमूटपणे चुकीचं औषध सोडणार — माझ्या पोरीच्या अंगात.

इस्पितळात तास्सानो म्हणून एक विक्रेता बसला होता. पन्नाशीचा, चकचकीत बूट, जिभेवर लोणी. त्याने दोन मीटर पुढे ठेवले. पांढरा आपणहून पंपाला आकडा कळवतो. राखाडी कळवत नाही, आकडा हाताने भरायचा. “पांढराच घ्या, फागुन्देससाहेब, डोक्याला ताप नाही.” माझ्या डोक्याची काळजी याला कशाला?

एकवीस वर्षं साल्तोच्या बाजारात वजनकाटे तपासतोय. पारड्याखाली चिकटवलेलं शिसं मला हात लावताच कळतं. आणि ज्याचं बोलणं गोड, त्याचा काटा मी आधी बघतो. दोन्ही मीटर वापरून बघायला म्हणून घरी आणले. महिन्याभरात ठरवायचंय.

बुधवार, १० एप्रिल

पोरीची बोटं आधीच चाळणी झालीत. तिला कशाला टोचायचं? स्वतःलाच टोचून घेतलं. माझ्यासारख्या धडधाकट माणसाचा आकडा सकाळी उपाशीपोटी नव्वद-शंभर यायला हवा. पांढरा — १७१. राखाडी — १६८. मग आमचा जुना मीटर काढला. १०४.

सापडले! पहिल्याच दिवशी!

गुरुवार, ११ एप्रिल

पुन्हा केलं. १७५, १७०. जुना — १०१. वर दाखवायचं म्हणजे लोक घाबरून रक्त तपासायच्या पट्ट्या जास्त वापरतात. धंदा कळतो मला.

निबियाला सांगितलं. ती वांगी तळत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली, “लग्नाची अंगठीसुद्धा तू आधी तोलून बघितली होतीस, आदेमार.” खरं आहे. आणि ती कमी भरली होती.

शनिवार, १३ एप्रिल

कोपऱ्यावरच्या एल्बियाबाईंना म्हातारपणी साखरेचा आजार जडलाय. त्यांचा मीटर तिसऱ्याच कंपनीचा. येर्बा चहाचा थर्मास घेऊन गेलो, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, मग म्हटलं, तुमच्या मीटरवर माझंही जरा बघू. १७४. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना समजावलं — वरून डबे वेगळे, आतलं मशीन एकाच कारखान्यात बनतं. सगळे सामील आहेत. निघताना बाईंनी गोड बिस्किटांची बशी माझ्यासमोरून उचलली. विचित्र बाई.

सोमवार, १५ एप्रिल

आयलेनला घेऊन प्रयोगशाळेत गेलो. तिथल्या तपासणीत ११८. त्याच वेळी पांढऱ्यावर ११४, जुन्यावर ८१. आयलेन म्हणाली, “बघ पप्पा, पांढरा बरोबर आहे.” मी म्हटलं, चोर तपासणीच्या दिवशी नीटच वागतो.

ती हसली नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

सुट्टीचा आठवडा. गाव गरम पाण्याच्या कुंडांवर लोटलंय, आम्ही घरात. दुपारी स्वयंपाकघरात गेलो तर मायलेकी कुजबुजत होत्या. मला बघून गप्प. निबियाने एकदम माझ्या कमरेच्या पट्ट्याचा विषय काढला — नवीन भोक कधी पाडलंस म्हणून. बारीक झालास, म्हणाली. मी म्हटलं, बाजारभर पायपीट करतो, होणारच. खूश व्हायला हवी होती. झाली नाही.

ऑफिसची वर्षाची वैद्यकीय तपासणी यंदा का चुकवलीस, असंही विचारलं. तिला कुणी सांगितलं?

सोमवार, २२ एप्रिल

आयलेनच्या फोनवर तास्सानोचं नाव. मी बघतोय म्हटल्यावर फोन पालथा घातला.

मंगळवार, २३ एप्रिल

पांढरा आणि राखाडी ऑफिसात नेऊन कपाटात बंद केले. किल्ली खिशात. ठरेपर्यंत पोरीने जुनाच वापरायचा, असं सांगितलं. आयलेन म्हणाली, इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी जुना वापरू नको म्हणून बजावलंय. मूळ कंपनीच्या पट्ट्या आता येत नाहीत, आपण भलत्याच घालतो. मी म्हटलं, सात वर्षं तोच चाललाय ना? दार आपटून आत गेली.

शुक्रवार, २६ एप्रिल

आज डोळ्यांनी पाहिलं. औषधाच्या दुकानाबाहेर आयलेन आणि तास्सानो! ती बोलत होती, तो मान हलवत ऐकत होता. मग त्याने खिशातून कार्ड काढून मागे काहीतरी लिहिलं आणि तिच्या हातात दिलं. मी समोरच्या फळवाल्याच्या काट्यामागे उभा.

माझ्या पोरीला फितवलं त्याने. काय कबूल केलं असेल? नवा फोन? घरी आल्यावर विचारलं, कुठे होतीस. “मैत्रिणीकडे.”

आजारपणाच्या सात वर्षांत ती माझ्याशी पहिल्यांदा खोटं बोलली. निदान मला कळलेलं पहिल्यांदा.

मंगळवार, ३० एप्रिल

इस्पितळातून लिहितोय.

सकाळी आयलेनला मळमळत होतं. पाणी पीत सुटली होती. जुन्या मीटरवर १३२. ती म्हणाली, “पप्पा, मला हे खरं वाटत नाही. पांढरा दे ना.” मी म्हटलं, तो ऑफिसात आहे, आणि १३२ उत्तम आहे, नेहमीएवढंच इन्सुलिन घे. घेतलं तिने. मी सांगितलं म्हणून.

अकराला शाळेतून फोन. वर्गात ओकली, उभं राहवेना. इथे आणली तेव्हा आकडा ४१२. डॉक्टरीणबाईंनी तिच्या दप्तरातला जुना मीटर हातात घेतला, तोच थेंब त्यावर लावला आणि पडदा माझ्यासमोर धरला. १७७.

मग मीटर स्वतःच्या खिशात टाकून त्या आयलेनकडे वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

बुधवार, १ मे

उतरतंय. १९० वर आहे. सलाइन चालू. निबिया माझ्याशी बोलत नाही.

जुना कमी दाखवत होता — कोण जाणे किती महिने. आणि मी त्यालाच खरा धरून बसलो. का धरला? माझा आकडा त्यावर चांगला येत होता म्हणून. एवढंच कारण. दुसरं शोधतोय, सापडत नाही.

पण मग ते १७१?

गुरुवार, २ मे

ते १७१ नकोच लिहायला.

शुक्रवार, ३ मे

आयलेन घरी आली. सोफ्यावर पांघरूण घेऊन बसली होती. मी कपाटातले दोन्ही मीटर आणून तिच्या पुढ्यात ठेवले. माफी मागायची होती. तीच आधी बोलली.

म्हणाली, मीटर सगळे आकडे साठवून ठेवतो, माहीत नव्हतं तुला? पहिल्याच आठवड्यात तिने पांढरा उघडून पाहिला होता. सकाळी सहाचे आकडे, ती झोपलेली असतानाचे. एकही दीडशेच्या खाली नाही. आधी तिलाही वाटलं, मीटर बिघडलाय. म्हणून तास्सानोला विचारलं. त्याने एकच प्रश्न केला — बोट कुणाचं होतं? आणि मग कार्डामागे एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. मुलांच्या नाही, मोठ्या माणसांच्या डॉक्टरांचं.

“मग मला का नाही सांगितलंस?” मी म्हटलं.

“आईने आणि मी कितीदा ठरवलं. पण तू मीटर कपाटात घातलास. सांगितलं असतं तर नदीत फेकला असतास.”

मी म्हटलं, मी धडधाकट आहे. एकवीस वर्षांत आजारपणाची रजा नाही काढली.

तिने पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, “पप्पा, बाजारात तीन वेगवेगळ्या दुकानांचे काटे एकच वजन दाखवतात. तुझं पितळी वजन तेवढं जुळत नाही. तू काय तपासायला पाठवशील?”

मला उत्तर येत होतं. ऑफिसातल्या कुठल्याही नवशिक्याला आलं असतं.

तिने माझा हात ओढून घेतला. बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं, म्हणाली. जेवून तीन तास झाले होते. २०३. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मोठ्या बाईसारखा दिसत होता. आम्ही तिला कधी एवढं मोठं केलं?

निबिया दारात उभी होती. आत आली आणि माझ्या शेजारी बसली. तीन दिवसांनी.

सोमवार, ६ मे

प्रयोगशाळेत रक्त दिलं. आयलेन सोबत आली, शाळा बुडवून. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. खुर्चीत बसल्यावर सुईकडे बघवेना. खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या झाडावरची फळं मोजत राहिलो.

बुधवार, ८ मे

कागद आला. वर नाव माझं. उपाशीपोटी १७६.

पांढरा मीटर घेतला. दोन.