नलूच्या आईला कोण सांगणार

४ एप्रिल १९९९
गुंजनची नववीची परीक्षा जवळ आली. इंग्रजीचा निबंध – ट्रुथ. "बाबा, तुम्ही तर बी.ए. आहा नं!" आहे. पण वीस वर्षं आर्वीत साड्या विकतो आहे! डिक्शनरी काढली. अर्थ एका शब्दाचा – सत्य. वापर मात्र अर्धं पान. 'टू टेल यू द ट्रुथ' म्हणजे आपलं 'खरं सांगू का'.
"म्हणजे तुमी गिऱ्हाईकाले म्हणता तेच? खरं सांगतो ताई, घेतल्या भावात देतो?"
डिक्शनरीचं पान उलटलं.

५ एप्रिल
कारंज्याहून माझा साळा गजेंद्र आला. सासूबाईंनी नलूसाठी डिंकाचे लाडू पाठवले. नलूला जाऊन दोन महिने झाले! त्यांना अजून सांगितलेलंच नाही. मुलगी नागपूरला दवाखान्यात आहे, एवढंच. "मायले सांगू नका भाऊजी, छाती बसंन तिची." फेब्रुवारीत गजेंद्र असं म्हणाला, तेव्हा मीही हो म्हणालो. आता लाडू कोण खाणार?

६ एप्रिल
मी आणि गुंजनने खाल्ले. चांगले झाले होते.

९ एप्रिल
आज 'होम ट्रुथ'. आपल्याच माणसाने तोंडावर ऐकवलेली कडू गोष्ट.
"म्हणजे आई म्हणे तसं! बाबा, तुमचं पोट सुटून राह्यलं – होम ट्रुथ!"
दोघंही हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.
मग म्हणाली, "आजीले कोण सांगन?"
डिक्शनरी मिटली.

१२ एप्रिल
रविवारी अक्षय तृतीया. गेलेल्यांच्या नावाने मातीच्या भांड्यात पाणी भरायचं – पुरुषाचा करा, बाईची लहान केळी. नलूची केळी भरायची, तीही तिच्या आईपासून लपवून? नाही जमणार. कारंज्याला जाऊन मीच सांगणार. गजेंद्र रागावेल. रागावो!

१७ एप्रिल
काय बोलायचं ते पाठ करतो आहे. मराठीत जमेना, म्हणून इंग्रजीत करून पाहिलं! डिक्शनरीत ट्रुथबरोबर 'टेल' दिलं आहे – सांगणे. कसं सांगायचं, ते दिलेलं नाही.

१८ एप्रिल
सासूबाईंच्या देवापुढे सासऱ्यांचा करा. शेजारी एक नवी केळी, पाण्याने भरलेली. मी उभाच राहिलो.
"बसा जवाईबापू. लाडू तुमच्या दोघाईसाठीच धाडले व्हते." मग हळू आवाजात, "गजेंद्रले म्या सांगतलं, केळी माह्या मायची हाये. त्याले काई बोलू नका. छाती बसंन त्याची."