हरीशचं कार्डावरचं वय

२ जून ५८, सोम.
सरकारी ट्रेनिंगचे दोन फॉर्म भरले, टर्नरच्या, म्हणजे लेथवरच्या कामाचे. एक वसंताचा. भाचा, चाळीसगावहून येऊन तीन महिने. दुसरा हरीशचा. सिंधी निर्वासित, माझ्या कारखान्यात लेथवर वर्षभर. मी हे काम कुठल्या शाळेत शिकलो नाही, मशिनांचे इंग्रजी कॅटलॉग वाचून शिकलो. पण यांना सर्टिफिकेट हवंच. खाडाखोड शून्य. हरीशचं वय छावणीच्या कार्डावरून उतरवलं : बावीस.

९ जून
वसंताला घेतलं. जन्माचा दाखला गावाहून टपालानं आठ दिवसांत आला होता. हरीशचा फॉर्म परत. वय मर्यादेपेक्षा जास्त. ट्रेनिंग ऑफिसातला बाबू म्हणाला, "भिया, कार्ड तो यही बोल रहा है."
वसंता पेढे लपवून उभा. "मामा, त्याच्यासमोर कसे वाटू?"

१० जून
आज विचारलं, तर हरीश अठराचाच! छावणीत मोठ्यांना पुरा शिधा, लहानांना अर्धा. म्हणून दहा वर्षांपूर्वी बापानं आठाचे बारा लिहवले. सगळ्यांनीच लिहवलं म्हणे. मी कार्ड तंतोतंत उतरवलं, पोराला विचारलं नाही. मिसरूड आत्ता कुठे फुटलीय, रोज समोर असतो. सुताचा फरक पकडणारा मी, चार वर्षांचा सुटला.

१२ जून
बाबू : बापानं लिहून द्यावं की वय खोटं सांगून शिधा घेतला. मग बघू.
घरी ही म्हणते, "आपल्या वसंताचं झालं ना? आता सगळ्या इंदूरचे फॉर्म तुम्हीच भरणार?"
हा एक तरी भरणार.

१४ जून
हरीशच्या घरी. तो अडून बसला. "काकाजी, रहने दो. बाबाला चोर म्हणतील." वडील कापडाच्या तुकड्यांच्या घड्या घालत होते. हात थांबले नाहीत. "लिखो, मास्टरजी. बच्चा भूखा था, ये भी लिखो."
लिहिलं, जसंच्या तसं. वाचून दाखवलं. त्यांनी सिंधीत सही केली. हरीश बाहेर जाऊन उभा.

१८ जून
बाबूनं कागद दोनदा वाचला. "भूखवाली लाइन काट दो, केस हलका हो जाएगा."
म्हटलं, शब्द त्यांचे आहेत, मी काटणार नाही. पोच घेतली, शिक्का पुसट होता म्हणून पुन्हा मारायला लावला. कागद वरच्या साहेबांकडे. वेळ लागेल म्हणे.

१ जुलै
वसंताचे वर्ग सुरू. हरीशचं उत्तर नाही. आज ऑफिसात सहाव्यांदा. मला बघून बाबूनंच स्टूल पुढे केलं. बसलो नाही. साहेब कुठल्या खोलीत बसतात ते विचारलं.