न्यूटवरच्या लेखाचं निर्भीड परीक्षण

३ एप्रिल
अखेर राजधानीला, सोफियाला, माझी आठवण झाली! पेन्चेव आता विश्वकोशाचा संपादक आहे. सैन्यात आम्ही एकाच बराकीत होतो. त्याने न्यूटवरचा लेख परीक्षणासाठी पाठवलाय. न्यूट म्हणजे बेडकाचा शेपटीवाला चुलतभाऊ. लेखकाचं नाव मला कळणार नाही, माझं त्याला. मी संग्रहालयात पेंढा भरलेले पक्षी सांभाळतो हे खरं. पण पक्षी काय, न्यूट काय, अंडी दोघंही घालतात. निश्चय: कठोर, पण दयाळू राहायचं.

४ एप्रिल
दया रद्द. लेखक म्हणतो, न्यूटची मादी एकेक अंडं पाणवेलीच्या पानात गुंडाळून ठेवते! मी लिहिलं: 'न्यूट काय सारमी वळतो? पानात भात भरून गुंडाळणं हे बायकांचं काम, जनावरांचं नव्हे. लेखकमहाशयांनी कांदे लावावेत.' नेडाने विचारलं, तू जन्मात कधी न्यूट बघितलायस का. म्हटलं, न्यायाधीश काय आधी खून बघायला जातो? बायकोला तर्कशास्त्र शिकवणं व्यर्थ. परीक्षण पाठवलं. शांत झोप.

९ एप्रिल
आमच्या संचालिका डॉ. तोन्कोवाबाई आज चहाच्या वेळी सगळ्यांसमोर कडाडल्या. म्हणाल्या, माझ्या लेखावर कुणा गाढवाने लिहिलंय, न्यूट काय सारमी वळतो? सापडू दे, सोलून भिंतीवर लावते.
सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.
या बाईने संग्रहालयाच्या अंगणात शिरलेलं अस्वल नुसत्या झाडूने हाकललं होतं. आणि दर मे महिन्यात माझ्या नोकरीच्या करारावर सही त्यांचीच लागते.

१० एप्रिल
घाबरलेलो नाही. करकोच्यांच्या खोलीत कडी लावून बसलो, ते थंडीमुळे. पेन्चेवला फोन केला. तो म्हणाला, गुप्तता म्हणजे पोलाद, तू निश्चिंत राहा. निश्चिंत झालो. मग आठवलं, परीक्षणात मी एक वाक्य घातलंय: 'माझं सारं आयुष्य पक्ष्यांत गेलं.' देशात पक्षीवाले पुष्कळ असतील. या गावात एकच आहे.

११ एप्रिल
मुत्सद्दीपणा सुचला. दुसरं परीक्षण पाठवलं: 'पहिलं तापात लिहिलं होतं. लेख अप्रतिम. असा लेख माझ्या नावावर असता तर जन्माचं सार्थक झालं असतं.' संकट टळलं. बुद्धी असावी लागते.

१५ एप्रिल
टळलं नाही. बाईंनी संग्रहालयाच्या दालनात काचेची पेटी मांडून सगळ्यांना बोलावलं. आत न्यूटची मादी. ओली, बुळबुळीत, पोट भगव्या रंगाचं, त्यावर काळे ठिपके. तिने मागच्या पायांनी पान धरलं, दुमडलं, आत अंडं ठेवलं, वरून दाबलं. माझ्या सासूलाही इतकं नेटकं जमत नाही. बाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, ल्युबेन, मागे का उभा? पुढे ये, नीट बघ. त्या हळू बोलतात तेव्हा माणसाने गाव सोडावं. मला शिंक आली असं मी दाखवलं.

१९ एप्रिल
मर्दासारखं कबूल करायचं ठरवलं. दारात उभा राहिलो. बाई बाहेर आल्या. मी म्हणालो, हवा छान आहे. पाऊस पडत होता. त्या म्हणाल्या, रविवारी माझ्याबरोबर डोंगरातल्या तळ्यावर चल. दोघंच. गमबूट आण.
दोघंच!
नेडा म्हणते, बादली उचलायला माणूस हवा असेल, दुसरं काय. तिला म्हटलं, मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे ना. म्हणाली, मग काठावर राहा. दोन वाक्यांत नवरा वाऱ्यावर सोडला.

रविवार
तळं काळं, खोल. आजूबाजूला चिटपाखरू नाही. बाई हातात जाळं घेऊन पाण्यात, मी बादली घेऊन चिखलात. एकाएकी वळून म्हणाल्या, मला कळलंय तो कोण ते.
मी तिथेच गुडघे टेकले. मी, मीच तो, म्हटलं, पण बाई, माझी लेकरं लहान आहेत! काय बोलत होतो देव जाणे. मुलं दोन्ही जर्मनीत नोकरीला आहेत.
बाई काठावर आल्या. मग म्हणाल्या, मला वाटलं तो वार्ना शहरातला पक्ष्यांचा प्राध्यापक. काल त्याला फोन करून शिव्या देत त्याच्या आईपर्यंत पोचले रे मी. अशा विश्वकोशात आता माझं नावच नको. जाळं टाकलं, गाडीत बसल्या, गेल्या. मी बादली घेऊन चालत घरी. आत काहीतरी हलत होतं. बघितलं नाही.

९ मे
करारावर सही झाली! प्रामाणिकपणाचा विजय. बाई माझ्यावर मनातून खूश आहेत, हे मी ओळखून होतोच.

१२ मे
पेन्चेवचा फोन. आवाज गोड. म्हणाला, लेखिकेने नाव काढून घेतलं, जागा रिकामी कशी ठेवू? तूच म्हणाला होतास ना, सार्थक होईल म्हणून? टाकलं तुझं नाव. लेखक नवा म्हणजे परीक्षण नव्याने. फक्त एकच तज्ज्ञ मोकळी सापडली. नाव सांगता येणार नाही, गुप्तता म्हणजे पोलाद.
फोन ठेवला. शेजारच्या खोलीत बाई गुणगुणत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. मग दार उघडून अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, ल्युबेन, लाल पेन्सिल आहे का?
मी दोन दिल्या.