पहिली नोंद

ती. स्व. दादांना साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती ठणठणीत असेलच. (तुमच्या घराण्यात गुडघे सोडले तर काही बिघडत नाही, असं तुमच्या बहिणीने मला लग्नातच बजावलं होतं. ते विधान आता मागे घ्यावं लागेल.) इकडची बातमी मुलीने फोनवर कळवलीच आहे, हकिगत मात्र मीच लिहायला हवी.

मास्तरकीतून सुटल्यावर मी इंग्रजी-मराठी कोशाचं काम अंगावर घेतलं, हे तुम्ही जाणताच. गेला महिनाभर जेवणाच्या टेबलावर सुरुवात आणि हल्ला या अर्थांच्या शब्दांची कार्डं पसरली होती: आउटसेट, ऑनसेट, ऑनस्लॉट, अटॅक. (आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. तुमची बहीण म्हणायची, तुमच्या हल्ल्यात पहिलं माझं टेबल पडलं.) त्यात ऑनसेटने माझा जीव खाल्ला. आरंभही तोच आणि चालून येणंही तोच! माझी पद्धत अशी की शब्दाची सर्वांत जुनी नोंद हुडकल्याशिवाय कार्ड बंद करायचं नाही. या चिकाटीचं तुम्ही कौतुक केलं आहे. पुन्हा करू नका.

मंगळवारी सकाळी नऊला ती खुर्चीतून उठली आणि मटकन खाली बसली. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. शेजारच्या शिंप्याने गाडी काढली, पाऊण तासात आम्ही इस्पितळात. तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ऑनसेट कधीचा? दादा, लिहायला लाज वाटते, पण मला क्षणभर बरं वाटलं. त्या शब्दाबद्दल अखेर कोणीतरी मला विचारत होतं! नऊ वाजता, एवढं सांगून गप्प बसलो तर मी कसला कोशकार. म्हणालो, "तसं बघायला गेलं तर काल संध्याकाळपासून." आदल्या संध्याकाळी तिने चहा म्हणून मला नुसती रिकामी बशी आणून दिली होती. बाई म्हणाल्या, "काका, नक्की ना?" मी म्हणालो, "नक्की."

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आतच देतात, हे मला नंतर कळलं. माझ्या हिशेबाने सबंध रात्र उलटून गेली होती. इंजेक्शन दिलं नाही.

आणि ती बशी? तिने चहाला तीनदा हाक मारली, मी कार्डांतून मान वर काढली नाही, म्हणून रागाने आणून आदळलेली बशी होती ती. हे मला तेव्हाच माहीत होतं. मी हसलोसुद्धा होतो.

आता ती घरी आहे. पेपर वाचते, सगळं समजतं. बोलता येत नाही. कार्डं मी माळ्यावर टाकली. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. त्या दिवशी इस्पितळात इंजेक्शन शिल्लक नव्हतं, असं मी तिला सांगितलं आहे. तुम्ही या आणि तिला खरं काय ते सांगा. माझ्याच्याने होत नाही.

दुसरा ता. क. पाकीट शोधायला उठलो तेवढ्यात तिने पत्र ओढून घेतलं आणि शेवटपर्यंत वाचलं. तेव्हा आता सांगायला येऊ नका. खालची वेडीवाकडी अक्षरं तिच्या डाव्या हाताची आहेत. मी ती खोडलेली नाहीत.

दादा मला ने